बशीसकट चहा

वॉलरू या बंदराच्या गावातल्या क्लॅरी ट्रेम्बाथच्या शेडमधून बाहेर पडलेला रेडिओ गुणगुणत नसे. जुना व्हॉल्व्हचा रेडिओ म्हटला की गाण्याच्या आणि बातम्यांच्या खालून त्याच्या पोटातला एक घुमा आवाज येत राहतो. इतरांनी दुरुस्त केलेल्या रेडिओंत तो थोडाफार उरतोच आणि लोक चालवूनही घेतात. क्लॅरी चालवून घेत नसे. दोन स्टेशनांच्या मधे काटा न्यायचा, आवाज अगदी तळाला आणायचा, शेडमधल्या सगळ्यांना तोंडं मिटायला लावायची आणि मग पेटीवर हात ठेवून तो म्हणायचा, "गप्प आहे." तेवढं म्हटल्याशिवाय रेडिओ मालकाच्या हातात पडत नसे. मालक कितीही घाईत असला, अगदी गाडीचं इंजिन चालू ठेवून आलेला असला, तरी नाही.

या समारंभाला आणखी एक गोष्ट लागायची, ती म्हणजे चहा. त्याची बायको उना कपभर चहा आणून बाकावर ठेवायची, आणि तो बशीसकटच लागायचा. एरवी हा माणूस दिवसभर टवके उडालेल्या मगातून चहा प्यायचा, आणि त्या मगात कालचा चहा आहे की आजचा याचीही चौकशी करायचा नाही. पण रेडिओ गप्प असल्याचं जाहीर करायचं म्हटलं की त्याला फुलांच्या नक्षीची बशी हवी. लग्न झालं तेव्हा उनाने एकदा विचारलं होतं, "त्या बशीत काय आहे एवढं?"

"मिस्टर पेंगलींकडे असंच असायचं," तो म्हणाला होता, आणि विषय संपला होता. क्लॅरीच्या घरात मिस्टर पेंगलींच्या वर अपील नव्हतं.

हार्टली पेंगली यांचं शेजारच्या मूंटा गावात रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे घर. दुसऱ्या महायुद्धात ते न्यू गिनीला तोफखान्यात होते, त्याबद्दल कधी बोलायचे नाहीत. क्लॅरी तेव्हा चोवीस वर्षांचा, वॉलरूच्या धक्क्यावर गव्हाच्या कोठारात कामाला. आठवडाभर सरकत्या पट्ट्यांच्या खडखडाटात उभं राहून धान्य जहाजांत सोडायचं आणि शनिवारी सायकल मारत मूंट्याला जाऊन पेंगलींच्या बाकाशी बसायचं, असा त्याचा नेम होता. पेंगली शिकवायचे कमी आणि खेकसायचे जास्त. पण त्यांच्या हातचा रेडिओ गप्प असायचा. अख्ख्या द्वीपकल्पात त्यांचा तो लौकिक होता.

चाचणीची वेळ आली की पेंगली आतल्या दाराकडे बघून हाक मारायचे, "विन, चहा!" मग मिसेस पेंगली, म्हणजे विनसम, चहा घेऊन यायच्या, कप बाकावर ठेवायच्या, अ‍ॅप्रनला हात पुसत जराशा थांबायच्या आणि आत जायच्या. त्या गेल्या की पेंगली पेटीवर हात ठेवून निकाल द्यायचे. कधी कधी मात्र बाई बशी विसरायच्या. त्या दिवशी पेंगलींचं बिनसलंच म्हणून समजायचं. "बशी कुठाय, बशी?" असं पुटपुटत ते रेडिओ उलटा करायचे आणि पुन्हा खोलून बसायचे, मग गिऱ्हाईक कितीही ताटकळो. क्लॅरीने यावरून एवढंच ताडलं की थोर माणसांचं डोकं बारीकसारीक गोष्टींवरून फिरतं. पुढे पेंगलींनी दुकान बंद केलं, आसपासचे जुने रेडिओ क्लॅरीकडे येऊ लागले आणि स्वतः थोर व्हायची वेळ आली, तेव्हा त्याने बशीची काळजी पहिल्या दिवसापासून घेतली.

पेंगलींना जाऊन आता बारा वर्षं झाली होती. क्लॅरी निवृत्त झाला होता. कोठारातल्या जुन्या माणसांना बायकोने मारलेली हाक ऐकू येत नाही हे वॉलरूत सर्वांना ठाऊक आहे, आणि काहींना त्याचा फायदाही होतो; पण क्लॅरीचे कान शाबूत होते, किंवा तसं तो सांगायचा. अशात एका सकाळी मिसेस पेंगलींचा फोन आला. म्हातारीने शहाऐंशी ओलांडली होती.

"क्लॅरी, मी घर विकलं," त्या म्हणाल्या. "मुलीकडे चाललेय, पर्थला. आता तिथेच."

"कधी निघताय, मिसेस पेंगली?"

"महिनाअखेरच्या सोमवारी. हार्टलीचा स्वयंपाकघरातला रेडिओ तेवढा राहिलाय. तो गेल्यापासून मी लावलेला नाही. मला तो वाजता हवाय, नाहीतर नको. मुका रेडिओ घेऊन एवढ्या लांब जाऊन काय करू?"

"वाजता मिळेल," क्लॅरी म्हणाला.

"आणि गप्प," म्हातारी म्हणाली. "वाजता आणि गप्प."

"ते काय सांगायला हवं?" क्लॅरी म्हणाला, आणि फोन ठेवताना त्याची छाती जराशी फुगली. पेंगलींचा स्वतःचा रेडिओ! एवढा मोठा निकाल त्याने आयुष्यात दिला नव्हता.

रेडिओ चांगल्या लाकडाचा होता, वरून गोल, तबकडीवर गावांची नावं. बारा वर्षं बंद असलेला रेडिओ सरळ भिंतीला जोडायचा नसतो, हे क्लॅरीला झोपेतही माहीत होतं. अशा रेडिओत सगळ्यांत आधी कंडेन्सर जातात. भिंतीतून येणारी वीज हेलकावे खात येते. रेक्टिफायर नावाचा एक व्हॉल्व्ह तिला एका दिशेला वळवतो, पण तरी ती उड्या मारतच असते. त्या उड्या पोटात घेऊन पुढे सरळ धार सोडायची, हे कंडेन्सरांचं काम. पाण्याच्या टाकीसारखंच ते. वरून भसाभस पडलं तरी खालच्या नळाला संथ यावं. वर्षं लोटली की त्यांच्या आतला ओलावा वाळतो, उड्या थेट कर्ण्यापर्यंत पोचतात, आणि तीच गुणगुण.

क्लॅरीची कंडेन्सर बदलायची रीत पेंगलींचीच होती. जुना कंडेन्सर काढून टाकायचा नाही. त्याच्या अ‍ॅल्युमिनियमच्या डब्याचं बूड बारीक करवतीने कापायचं, आतला वाळलेला कागद आणि पत्रा उपसायचा, नवा अंगठ्याएवढा कंडेन्सर त्या पोकळीत बसवायचा आणि डबा पुन्हा चिकटवून जागच्या जागी लावायचा. बघणाऱ्याला वाटावं, कारखान्यातून आल्यापासून याला कोणी हात लावलेला नाही. त्याचा मित्र डार्सी किटो याला हे सगळं थोतांड वाटायचं. डार्सीही जुने रेडिओ दुरुस्त करायचा, पण तो नवे कंडेन्सर तसेच खाली लोंबत सोडायचा, दोरीवर वाळत घातलेल्या मोज्यांसारखे.

डब्यांवर मापाचा आठ हा आकडा छापलेला होता, क्लॅरीने आत दहाचे बसवले. आठ आजकाल मिळत नाहीत, आणि एवढंसं इकडेतिकडे चालतं. रेडिओ हळूहळू तापला, तबकडी उजळली आणि अ‍ॅडलेडहून कोणीतरी मेंढ्यांच्या बाजारभावांविषयी बोलू लागलं. स्वच्छ, भरदार आवाज. क्लॅरी खूश झाला. त्याने काटा सरकवला, आवाज तळाला नेला, कान लावला.

गुणगुण होती.

बारीक होती, पण होती. त्याने सगळे सांधे तपासले. एका जागी सोल्डर मळकट वाटलं, ते पुन्हा केलं. गुणगुण तशीच. मग त्याने डबे पुन्हा कापले आणि आत बावीसचे कंडेन्सर घातले. टाकी मोठी केली की धार आणखी संथ व्हायला हवी. झाली नाही.

शनिवारी डार्सी आला. हातात उनाने दिलेली गरम पेस्टी, म्हणजे मांस-बटाट्याची मोठी करंजी, आणि तोंडात तिचा अर्धा भाग.

"काय रे, झाला का म्हातारीचा रेडिओ?"

"गुणगुणतोय."

डार्सीने कर्ण्याला कान लावला. चावणं थांबवलं. बराच वेळ तसाच वाकून राहिला. "कुठे? मला काहीच येत नाही ऐकू."

"तुला कसं येईल? तुझे रेडिओ म्हणजे मधमाश्यांची पोळी. तुझ्या कानाला तेच गाणं वाटतं."

"माझ्या कानांना नावं ठेवायची नाहीत. परवाच डॉक्टरने तपासलेत. बायकोने नेलं होतं, मी ऐकत नाही म्हणून. डॉक्टर म्हणाला, याला सगळं ऐकू येतं, घरी घेऊन जा." डार्सीने उरलेली पेस्टी तोंडात टाकली. "क्लॅरी, रेडिओ झालाय. देऊन टाक. म्हातारीला सामान बांधायचं असेल."

"गुणगुणणारा रेडिओ मी पेंगलींच्या घरात नेऊन ठेवू?"

"अरे, नाही गुणगुणत तो!"

"जा तू," क्लॅरी म्हणाला. "मासे धरायला जा. तिथे काही ऐकावं लागत नाही."

डार्सी गेला. क्लॅरीला मनातून वाटलं, याला माझा हेवा वाटतो. खरं तर डार्सीला आयुष्यात हेवा वाटला तो फक्त मोठा मासा धरणाऱ्यांचा.

मग क्लॅरीने शेडवर संशय घेतला. आवाज बाहेरून कर्ण्यात शिरत असेल. त्याने नळीचा दिवा मालवला. कोपऱ्यात मोठा जुना फ्रीझर होता, त्याची घरघर यात मिसळत असेल म्हणून त्याची पिन काढली. पुन्हा ऐकलं, पुन्हा डबे उघडले, आणि या भरात पिन परत लावायची राहून गेली. तीन दिवसांनी उना रात्रीच्या जेवणासाठी मासे काढायला आली आणि झाकण उघडताच दोन पावलं मागे सरली. डार्सीने दिलेले व्हायटिंग मासे, सगळ्या मोसमाचे निळे खेकडे, सगळं गेलं होतं.

"क्लॅरी!" ती ओरडली, आणि ही हाक कोठारातल्या कोणत्याही माणसाला ऐकू आली असती. "तुझ्या त्या गुणगुणीपायी माझे खेकडे सडवलेस तू? नाताळला लेकीनातवंडांना काय, कंडेन्सर उकडून घालू?"

"आवाज येत होता त्याचा."

"मला विचारायचंस! मी दहा वेळा या शेडमध्ये येते. तुझा रेडिओ कुठे गुणगुणतोय? मला तर काही ऐकू येत नाही."

"तुझं वेगळं असतं," क्लॅरी म्हणाला. "तुला त्यातलं कळत नाही."

 उनाने सडके मासे खड्ड्यात पुरले, फ्रीझर धुतला आणि झाकणात लाकडाचा तुकडा अडकवून तो तसाच उघडा ठेवला. दोन दिवस ती शेडमध्ये फिरकली नाही.

सोमवार जवळ येत चालला. मिसेस पेंगलींचा पुन्हा फोन आला. उनाने घेतला, आणि क्लॅरीने हातानेच खूण केली की मी घरात नाही. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात गिऱ्हाइकाला टाळलं नव्हतं, तो गुरूच्या बायकोला टाळत होता. त्याला झोप लागत नव्हती. अंथरुणावर पडला की गुणगुण डोक्यात घुमायची, आणि तो समजायचा की काळजीने होतंय. मिसेस पेंगली रिकाम्या हातांनी पर्थला जातील, किंवा त्याहून वाईट, गुणगुणता रेडिओ घेऊन जातील आणि रोज सकाळी तो लावून म्हणतील, क्लॅरीला जमलं नाही. यातलं जास्त वाईट कोणतं ते त्याला ठरवता येईना.

शुक्रवारी दुपारी त्याने पेंगलींची आज्ञा मोडली. पेंगली खेकसून खेकसून एक गोष्ट सांगायचे: पहिला कंडेन्सर छापलेल्यापेक्षा फार मोठा घालायचा नाही. सुरू करताना रेक्टिफायरला तो एका घोटात भरावा लागतो, आणि त्याचा तेवढा जीव नसतो. क्लॅरीला हे पाठ होतं. त्याने डब्यात शंभरचा कंडेन्सर घातला.

रेडिओ लागला. आवाज तळाला नेला. गुणगुण. त्याने बटण बंद केलं. गुणगुण. त्याच्या मनात आलं, एवढी मोठी टाकी भरलेली आहे, रिकामी होईपर्यंत आवाज राहणारच. आणि बंद केल्यावर कमी होतेय की नाही हे पडताळायला त्याने बटण लगेच पुन्हा चालू केलं. रेक्टिफायरच्या काचेत निळा लोळ उठला, चट्कन आवाज झाला आणि तबकडी विझली. जळक्याचा वास आला. क्लॅरीने पिन उपसली आणि स्टुलावर बसून राहिला.

बाहेर वारा पडला होता. नळीचा दिवा बंद होता. फ्रीझर रिकामा, पिन काढलेला, झाकणात लाकूड. रेडिओ मेला होता. शेडमध्ये वीज कुठेच वाहत नव्हती.

गुणगुण होती.

त्याने दोन्ही तळहातांनी कान घट्ट झाकले. ती मोठी झाली.

 त्याला भीती वाटली, पण भीतीपेक्षा लाज जास्त वाटली. म्हातारपणी कानात काहीबाही वाजतं, हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. पण "गप्प आहे" म्हणायचा अधिकार त्याने इतकी वर्षं आपल्या कानांवर मिळवला होता, आणि ते कानच गुणगुणत होते. डार्सीला तो काय काय बोलला होता. उनाला काय म्हणाला होता. आणि एक चांगला, पूर्ण झालेला, गप्प रेडिओ त्याने पुन्हा पुन्हा कापून शेवटी स्वतःच्या हाताने मारला होता.

तसला रेक्टिफायर त्याच्याकडे दुसरा नव्हता. म्हणजे एक होता, स्वयंपाकघरात, उनाच्या रेडिओत. क्लॅरीने पेंगलींच्या हाताखाली बांधलेला तो पहिला रेडिओ, सकाळी भाजी चिरताना उना तोच ऐकायची. तो दारात जाऊन उभा राहिला. उना बटाटे सोलत होती.

"उना, तुझ्या रेडिओतला एक व्हॉल्व्ह हवाय."

तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं. मग उठून स्वतःच रेडिओची पिन काढली. "घे. नीट घे, गरम असेल." तो खोलत असताना ती म्हणाली, "काही सांगायचंय का तुला?"

"नाही."

ती पुन्हा बटाटे सोलू लागली. स्वयंपाकघर एकदम शांत झालं होतं. म्हणजे तिच्यासाठी झालं होतं.

त्याने मोठे कंडेन्सर काढून टाकले, डब्यांत पुन्हा दहाचे बसवले, बुडं चिकटवली. रेक्टिफायर लावला. रेडिओ वाजला. शनिवारी सकाळी त्याने काटा स्टेशनांच्या मधे नेला, आवाज तळाला आणला आणि सवयीने हाक मारली, "उना, चहा!" तिने आणला, बशीसकट, आणि बाजूला उभी राहिली. क्लॅरीने पेटीवर हात ठेवला. शब्द बाहेर येईना.

"म्हण की," उना म्हणाली.

"तिथे जाऊन म्हणतो," तो म्हणाला आणि रेडिओ गाडीत नेऊन ठेवला. चहा तसाच राहिला.

मूंट्याला मिसेस पेंगलींच्या घरात खोक्यांशिवाय काही उरलं नव्हतं. पडदेही काढलेले. म्हातारी पूर्वीपेक्षा निम्मी झाली होती, पण ताठ होती. स्वयंपाकघरात टेबल आणि दोन खुर्च्या तेवढ्या बाकी होत्या.

"मला वाटलं, मेलास की काय," त्या म्हणाल्या. "फोनवर येत नाहीस म्हणून."

"काम चाललं होतं, मिसेस पेंगली."

"ठेव इथे. त्याच्या जागी."

त्याने रेडिओ खिडकीखालच्या फळीवर ठेवला. तापला, वाजला. त्या दिवशीची क्रिकेटची मॅच लागली होती, कोणीतरी बाद झालं होतं आणि लोक ओरडत होते. म्हातारी ऐकत उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. मग ती म्हणाली, "हं. आता मधे ने काटा."

क्लॅरीने नेला. आवाज तळाला केला.

"हात ठेव की पेटीवर. तुला शिकवलंय ना त्याने?"

"मिसेस पेंगली," क्लॅरी म्हणाला, आणि मग एकदम सगळं बोलून गेला. "मला नाही सांगता येत. माझ्याच कानात गुणगुण आहे. कधीपासून आहे देव जाणे. रेडिओ बंद असला तरी आहे. आत्ताही आहे. तुमचा रेडिओ गप्प असेल, डार्सी म्हणतो की आहे, पण मी नाही म्हणू शकत. मी म्हटलं तर ते खोटं होईल. मिस्टर पेंगलींच्या रेडिओवर हात ठेवून मी खोटं नाही बोलणार."

 म्हातारीने किटली चुलीवर ठेवली. पाणी उकळेपर्यंत क्लॅरी जमिनीकडे बघत होता. तिने एका कपात चहा ओतला. कप त्याच्यापुढे ठेवणार तोच ती थांबली, भिंतीकडे गेली आणि दोरीने बांधलेल्या एका खोक्याची गाठ सोडू लागली. गाठ सुटेना. क्लॅरी उठला, तर "बस तू," म्हणाली. वर्तमानपत्राचे बोळे काढून काढून तिने आतून एक बशी काढली, अ‍ॅप्रनला पुसली, कपाखाली सरकवली आणि कप त्याच्यापुढे ठेवला.

"हे घे."

"कशाला एवढा त्रास—"

"गप्प आहे," मिसेस पेंगली म्हणाल्या.

क्लॅरी बघत राहिला.

"न्यू गिनीहून आला तेव्हापासून हार्टलीच्या कानात तोफा होत्या. दिवसरात्र. दुकान टाकलं तेव्हाही होत्या. रडायचा पहिल्यांदा, रेडिओवाला आणि कान असे. गिऱ्हाइकांसमोर मला विचारणार कसं? म्हणून चहा. बशी असली तर गप्प, बशी नसली तर पुन्हा खोल."

"चहा," क्लॅरी म्हणाला.

"तुला काय वाटलं, ऐन वेळी त्याला तल्लफ यायची? त्याला चहा आवडायचासुद्धा नाही. तू गेलास की जिरेनियमच्या कुंडीत ओतायचा. मेलं सगळं जिरेनियम."

"पण मला का नाही सांगितलंत? एवढी वर्षं मी त्यांच्या शेजारी बसलो."

"तू विचारलंस कधी? तुला 'गप्प आहे' म्हणायचीच घाई." म्हातारी समोरच्या खुर्चीत बसली. "आणि तुझं काय? उना चहा आणते ना तुझ्याकडे? मी पाहिलंय. बशीसकट."

"आणते."

"मग तिला ऐकू येतं का?"

"तिला... तिला मी ते कधी विचारलं नाही. तुमच्याकडे चहा असायचा, म्हणून मी पण आणायला सांगितला."

मिसेस पेंगलींनी त्याच्याकडे टक लावून बघितलं, आणि मग त्यांना हसू फुटलं. त्या हसत राहिल्या, टेबलाला हात टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "चाळीस वर्षं," त्या म्हणाल्या, "चाळीस वर्षं त्या बाईला नुसता चहा आणायला लावलास!"

क्लॅरीला हसू आलं नाही. त्याने चहा संपवला, बशी धुतली, पुसली आणि स्वतः कागदात गुंडाळून खोक्यात ठेवली. रेडिओ त्याने ब्लँकेटमध्ये बांधून दिला. निघताना म्हातारीने त्याचा कान हलकाच ओढला, तो चोवीस वर्षांचा असताना पेंगली ओढायचे तसा.

घरी येऊन त्याने उनाला सगळं सांगितलं. उभ्या उभ्याच, टोपी हातात धरून. तोफा, चहा, बशी, कान. आणि शेवटी म्हणाला, "तुला त्यातलं कळत नाही असं मी म्हणालो होतो. ते चुकलं माझं."

उनाने जरा विचार केला. "म्हणजे माझे खेकडे तुझ्या कानांनी खाल्ले," ती म्हणाली. पण मग तिने त्याच्या हातातली टोपी घेऊन खुंटीला लावली.

कानांच्या डॉक्टरने सांगितलं की यावर औषध नाही, सवय करून घ्या. क्लॅरीने डार्सीला ते असं सांगितलं की तिथे कंडेन्सर बदलता येत नाही. डार्सीने दोन दिवस त्याची थट्टा केली आणि तिसऱ्या दिवशी व्हायटिंगची पिशवी आणून मुकाट्याने फ्रीझरमध्ये ठेवली.

उनाच्या रेडिओला रेक्टिफायर मिळायला हिवाळा उजाडला. तो आल्यावर क्लॅरीने तिचा रेडिओ बाकावर घेतला आणि आता उघडलाच आहे तर कंडेन्सरही बदलून टाकले. आठाच्या जागी दहा, एक कणभरही जास्त नाही. शनिवार होता, डार्सी पेस्टी खात स्टुलावर बसला होता. रेडिओ तापला, वाजला. क्लॅरीने काटा मधे नेला, आवाज तळाला आणला, डार्सीला तोंड मिटायला लावलं.

"उना, चहा!"

ती आली. कप बाकावर ठेवला, अ‍ॅप्रनला हात पुसले, मान किंचित कलती करून जराशी थांबली. मग काही न बोलता परत गेली.

क्लॅरीने कपाकडे बघितलं. खाली बशी नव्हती.

त्याने रेडिओची पिन काढली, पेटी उलटी केली आणि स्क्रूड्रायव्हर उचलला.

"अरे, काय झालं?" डार्सी म्हणाला. "छान वाजत होता की! बशी नाही म्हणून रुसलास का, म्हाताऱ्या?"

"हो," क्लॅरी म्हणाला, आणि पहिला स्क्रू सैल करू लागला.